पाणी दिल्यावर पोलाद फुगतं
पोलादाला पाणी दिलं, म्हणजे तापवून पाण्यात झटकन थंड केलं, की ते आकसतं आणि म्हणून कडक होतं, असं कुणी म्हणेल. शेवटचा परिणाम उलटा आहे. पोलाद खूप तापलं की त्याची जी रचना होते तिला ऑस्टेनाइट म्हणतात; तिच्यात लोखंडाचे अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर असतात. फटींत कार्बन मावतो. झटकन थंड केलं की त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अणूंची अख्खी जाळी एकदम सरकते आणि नवा घन, ज्याच्या पोटात एक अणू असतो, अडकलेल्या कार्बनमुळे एका दिशेने लांबट होतो. हेच कडक मार्टेन्साइट. ०.८ टक्के कार्बन असेल तर उंची रुंदीपेक्षा साधारण साडेतीन टक्क्यांनी जास्त. आकारमानही वाढतं.

काताना या जपानी तलवारीचा बाक बघा. पाणी देण्याआधी तिला मातीचा लेप देतात; तो धारेवर पातळ, म्हणून धार झटकन थंड होते आणि मार्टेन्साइट तिथेच बनतं, धार लांबते आणि पातं पाठीकडे वळतं. गंमत म्हणजे त्याआधी धार थंड होऊन आकसते, म्हणून पातं क्षणभर उलट्या बाजूला वाकतं. तेवढ्यापुरतं ते आकसणं खरं!