मदत हवी आहे: रेडिओहेडच्या निळ्या रेकॉर्डवर सुई अडकतेय

मंडळी, रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या ओके कॉम्प्युटर अल्बमची 2017 ची ओकेनॉटओके नावाची लिमिटेड एडिशन, तीन रेकॉर्डवाली, निळ्या रंगाची, सेकंडहँड घेतलीय. बाकी सगळं मस्त वाजतं पण पहिल्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला 'लेट डाऊन' सुरू झालं की मिनिटभरात सुई मागे उडी मारते आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा. दर वेळी त्याच जागी. आधी दोन-तीनदा टक्-टक् येतं, साधारण पावणेदोन सेकंदांनी, म्हणजे एका फेऱ्याला एक (33 चा स्पीड आहे, म्हणजे मिनिटाला साधारण 33 फेरे).

टर्नटेबल ऑडिओ टेक्निकाचा एलपी120, सुई व्हीएम95ई, सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन काट्यावर मोजून 2 ग्रॅम. अँटीस्केट (सुई आतल्या बाजूला ओढली जाऊ नये म्हणूनची सेटिंग) 2 वर, लेव्हल चेक केलीय, इतर रेकॉर्ड नीट वाजतात त्यामुळे सुईवर संशय नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि मायक्रोफायबरने दोनदा पुसली, काही फरक नाही. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की बोटाच्या पेरापेक्षा छोटी बारीक रेघ दिसते, नखाला मात्र लागत नाही. प्लीज सुईवर नाणं ठेवा असं सांगू नका, तो प्रयोग वडिलांच्या जुन्या रेकॉर्डवर करून झालाय आणि अजून ऐकून घेतोय.

विकणारा परत घेत नाहीये, नवीन निळी कॉपी परवडणार नाही आणि क्लीनिंग मशीन माझ्याकडे नाही.

तर नखाला न लागणारी रेघ सुई अडकवू शकते का, की हा प्रेसिंगमधलाच (रेकॉर्ड छापतानाचा) दोष असेल, आणि वजन 2.2 पर्यंत नेऊन वाजवलं तर रेकॉर्डची खाच अजून खराब होईल का?