नवरात्र मनापासून की धाकापोटी?

कारळ्याचं फूल:
लग्न झाल्यापासून चौदा वर्षं सासरचं नवरात्र करतेय. घट, रोजची माळ, अखंड दिवा. गेल्या वर्षी सहाव्या माळेच्या रात्री वातीची काजळी झाडताना दिवा शांत झाला. आधी त्यावर निरांजन लावून बाजूला ठेवायचं असतं, नेमकं तेच विसरले. रात्रीचे दोन. तिथेच भुईवर बसून रडले. देवीसाठी नाही हो, सकाळी सासूबाईंना काय सांगू म्हणून! त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या महिन्यात दिरांचा पाय मोडला, तेव्हा आत्यासासूबाई बोलल्याच.
अशी धास्तावून केलेली सेवा देवीला पोचते का? त्यापेक्षा एक फूल मनापासून वाहिलेलं काय वाईट?

जुनी खोड:
ताई, ‘मनापासून’ हा शब्द फार सोयीचा आहे. आज मन नाही, उद्या बघू, की संपलं. वारीला निघालेला माणूस अठरा-वीस दिवस काही आनंदातच चालत नाही. पायाला फोड येतात, पावसात राहुटी गळते, तरी दिंडी सोडत नाही. त्याला नेम म्हणतात. भाव नेमातूनच येतो, निदान आमच्यासारख्या सामान्यांचा.

रिकामा पाट:
वारकरी तुळशीची माळ स्वतःहून घालून घेतो. हिचा नेम मंगळसूत्राबरोबर आला. घराणं नवऱ्याचं, कुलदैवत नवऱ्याचं आणि रात्री दोनला जागी कोण? हीच. अहो, सावता महाराज तर अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत म्हणतात. उलट पांडुरंगाचीच पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते.

जुनी खोड:
सावता महाराज मळ्यात राबत होते. एक फूल वाहून टीव्हीसमोर बसले नव्हते.

रिकामा पाट:
ही तरी कुठे बसलीय? वाचा की नीट.

नाशिकची मावशी:
भांडू नका. अगं, नऊ दिवस झेपत नसेल तर सात, पाच, तीन, अगदी एका दिवसाचंही नवरात्र चालतं. पंचांगात दिलेलं असतं. नऊ उपवास जमत नाहीत ते उठता-बसता करतात, म्हणजे घट बसताना एक आणि उठताना एक. दिवा शांत झाला तर हात जोडायचे आणि पुन्हा लावायचा. इतकी वाट ठेवलीय शास्त्राने! धाक देवीचा नाहीच, आत्यासासूबाईंचा आहे. आणि दिरांचा पाय कशाने मोडला ते विचार आधी.

कारळ्याचं फूल:
बाइक घसरली. हेल्मेट होतं म्हणून पायावर निभावलं.

घरकोंबडा:
वडील गेले आणि मी घट बसवणं सोडलं. भाव नसताना ढोंग कशाला, म्हटलं. दोन वर्षं मोकळं वाटलं. तिसऱ्या वर्षी शेजाऱ्यांकडे प्रसादाला गेलो. पत्रावळीतल्या काळ्या मातीत बोटभर पिवळे कोंब आलेले, वर झेंडूची माळ. तिथून पाय निघेना. पुढच्या वर्षी मी पुन्हा घट बसवला. ओढीने की मनात कुठेतरी भीती होती म्हणून, मलाच सांगता यायचं नाही. माझी बायको म्हणते, अमुक टक्के हे न् तमुक टक्के ते, कशाला मोजत बसतोस?

रिकामा पाट:
मोजायला हवं. पुढे सुनेवर तेच ओझं जातं.

कारळ्याचं फूल:
सगळं वाचलं. काल नवऱ्याशी बोलले. यंदा रात्रीचा दिवा तो बघणार. ‘मला कधी कुणी सांगितलंच नाही’ म्हणाला. चौदा वर्षांत विचारलं तरी होतंस का, असं ओठांवर आलं होतं. असो. उपवास उठता-बसताच करीन. फुलोऱ्याच्या कडाकण्या मात्र मीच लाटणार. त्या कुणी सांगितल्या नसत्या तरी केल्या असत्या.

नाशिकची मावशी:
तळताना फुगतात का गं तुझ्या? काट्याने टोचून घे. आणि पीठ घट्टच मळ.