मायट्रल व्हॉल्व्ह: छोटा छेद की छाती उघडून?

नाशिकचा_शिरीष:
वडील ५८ वर्षांचे, मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप) चांगलाच लीक आहे. बदलायची गरज नाही, दुरुस्त होईल म्हणतात. एक सर्जन छातीचं मधलं हाड कापून करणार, दुसरे उजव्या बरगड्यांमधून, छोट्या छेदाने. खर्च जास्त. माझं मत छोट्या छेदाला. हाडच कापलं नाही तर माणूस लवकर उठणार, यात वाद कसला?

सिस्टर_अवंती:
वाद आहे. ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांवर हीच तुलना झाली, २०२३ मध्ये निकाल आला. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांची हिंडण्याफिरण्याची ताकद सारखीच. दुरुस्तीही दोन्हीकडे तितकीच चांगली. छोट्या छेदवाले घरी गेले ते साधारण एक दिवस आधी. त्या एका दिवसासाठी एवढे पैसे?

रिक्षावाला_ठाणे:
सिस्टर, १२ आठवड्यांनी सारखे, मान्य. पण मधल्या आठवड्यांचं काय? माझं बायपास हाड कापून झालं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, कुशीवर वळायचं नाही, उठताना हातावर जोर द्यायचा नाही. दोन महिने हँडल धरलं नाही. हप्ता थांबला नव्हता!

बंडोपंत:
आता मांडीतूनच व्हॉल्व्ह बसवतात की. २००२ मध्ये फ्रान्सच्या क्रिबिये यांनी पहिला बसवला.

सिस्टर_अवंती:
बंडोपंत, तो एऑर्टिक, हृदयातला दुसरा व्हॉल्व्ह. इथे मायट्रलची दुरुस्ती चाललीय.
रिक्षावाले दादा, तुमचं पटतं. हातावर पोट असेल तर हिशेब वेगळा. पण छेद छोटा म्हणून ऑपरेशन छोटं होत नाही. हृदय थांबवतातच. तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्या जांघेतून घालतात, तिथल्या रक्तवाहिन्या खराब असतील तर पंचाईत. बरगड्यांमधली नस दुखावली तर ते दुखणंही रेंगाळतं. आणि त्या चाचणीतले सर्जन आपापल्या पद्धतीत मुरलेले होते, हे कुणी सांगत नाही.

नाशिकचा_शिरीष:
वडिलांचं किराणा दुकान आहे, पोती उचलावी लागतात. मी अजूनही छोट्या छेदाकडेच.

सिस्टर_अवंती:
पोती लगेच कुठल्याच पद्धतीत नाहीत, गडी ठेवा. आणि त्या सर्जनना तोंडावर विचारा: अशा किती दुरुस्त्या केल्यात, कितींदा मध्येच छाती उघडावी लागली? उत्तर टाळलं, तर मधलं हाड कापणारे बरे.