मदत हवी आहे : कोलायटिसचं औषध निवडताना हृदयाचा विचार

माझ्या दादाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार) आहे. वय 52, वडिलांना हार्ट अटॅक येऊन गेलेला. मेसालामाइन (आतड्याची सूज कमी करणारं औषध) चालू असतं, आजार उसळला की स्टेरॉइड, आणि मग बीपी-साखर दोन्ही चढतात. आता डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅब किंवा टोफासिटिनिब सुचवताहेत.

या आजारात कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी धमन्या कडक होऊ शकतात, कारण सूज फक्त आतड्यापुरती राहत नाही. हा कडकपणा पल्स वेव्ह व्हेलॉसिटीने मोजतात: नाडीची लाट मानेपासून जांघेपर्यंत किती वेगाने पोचते ते. इन्फ्लिक्सिमॅबसारख्या अँटी-टीएनएफ (सूज वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन रोखणाऱ्या) औषधांनी हा वेग कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. टोफासिटिनिबबद्दल मात्र अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2021 मध्ये हृदयविकाराचा इशारा दिला. ज्या अभ्यासावरून हा इशारा दिला तो संधिवाताच्या, पन्नाशीपुढच्या रुग्णांवरचा होता हे खरं, पण आमच्या घरचा इतिहास बघता मन धजावत नाही.

कुणी इन्फ्लिक्सिमॅब घेतंय का? बीपी, लिपिडमध्ये काही फरक पडला? पल्स वेव्हची तपासणी नागपुरात कुठे होते? कार्डिओलॉजिस्टला आत्ताच दाखवावं का? पोटाचे डॉक्टर म्हणतात, "बघू पुढे."

काढे कृपया सुचवू नका, दादाचे सगळे पिऊन झालेत.