हॅलिबर्टन 'खरा पॉइंट गार्ड नाही' म्हणणाऱ्यांना एक उत्तर

चोवीस_सेकंद
काल बास्केटबॉलच्या गप्पांत राजवाडा_एक्सप्रेस यांनी ठोकून दिलं: "हॅलिबर्टनची सरासरी २० गुणसुद्धा नाही. असला कसला एक नंबरचा गार्ड? इंदूरच्या पोरांना शेचे व्हिडिओ दाखवा, बाकीचं विसरा." दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा धागा. नवख्यांसाठी: दोघंही एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे; हॅलिबर्टन इंडियानाचा, शे ओक्लाहोमा सिटीचा. पॉइंट गार्ड किंवा 'एक नंबर' म्हणजे बॉल वर आणून हल्ला रचणारा.

शे गिल्जस-अलेक्झांडरबद्दल माझं भांडणच नाही. २०२४-२५ मध्ये ३२.७ ची सरासरी, मोसमाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) आणि फायनल्सचाही. पण पॉइंट गार्ड जोखायचा तर त्याच्या हातात बॉल असताना बाकीचे चौघं किती वेळ नुसते उभे असतात, ते बघा. हॅलिबर्टन रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) निघताच मान वर करतो, मधल्या रेषेच्या आधीच बॉल पुढे सोडतो आणि मग स्वतः पळत येऊन परत मागतो. बचाव जागेवर बसायच्या आत हल्ला सुरू. त्याच मोसमात १८.६ गुण, ९.२ असिस्ट (ज्यांवर बास्केट होते ते पास) आणि टर्नओव्हर (गमावलेले बॉल) फक्त १.६. डेट्रॉइटच्या केड कनिंगहॅमचे असिस्ट जवळपास तेवढेच, ९.१, पण टर्नओव्हर ४.४. न्यूयॉर्कविरुद्ध चौथ्या सामन्यात ३२ गुण, १५ असिस्ट, १२ रिबाउंड आणि टर्नओव्हर शून्य. प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) असं आधी कुणी केलेलं नव्हतं.

आता आपल्याकडचं. आंतरशालेय सामन्यात निम्म्याहून जास्त संघ दोन-तीनचा झोन (पुढे दोघं, मागे तिघं, आपापली जागा धरून बचाव) लावतात, आणि फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमात बचावाला रिंगजवळ तीन सेकंदांच्या वर थांबायची बंदी नाही. सेंटर (सहसा सर्वांत उंच गडी) रिंगखाली ठाण मांडून बसतो, कुणी उठवत नाही. अशा गर्दीत शेसारखं घुसायला सांगितलं की पोरगा तिघांत अडकतो. झोन सरकतो त्यापेक्षा बॉल जोरात सरकवणं हाच इलाज.

राजवाडा_एक्सप्रेस
निबंध छान आहे. आता त्याच मोसमातला फायनल्सचा पहिला सामना आठवा, शेच्याच संघाविरुद्ध, ०.३ सेकंद बाकी, १११-११०. हॅलिबर्टननं काय केलं? पास दिला? उजवीकडे ड्रिबल, ब्रेक, तीनच्या रेषेच्या आतून जंप शॉट. म्हणजे शेचाच शॉट! तुमच्या देवानं सर्वांत मोठा सामना आमच्या देवाच्या पद्धतीनं जिंकला.

आणि बाहेर बाहेर पास फिरवून झोन फुटत नाही भिया, झोनला व्यायाम होतो. वरच्या दोघांच्या मधल्या फटीत एक-दोन ड्रिबल, फ्री थ्रो रेषेवर दोन्ही पायांवर थांबा. सेंटर वर आला तर त्याच्या मागे बेसलाइनवर पास, नाही आला तर तिथूनच शॉट. ते थांबणं शेकडून शिकतात, कोपऱ्यात पास फेकणाऱ्याकडून नाही.

कोपरा_तीन
दोघंही अमेरिकेच्या नियमांतले व्हिडिओ दाखवून इंदूरच्या सिमेंटवर वाद घालताय. शेची खरी ताकद वेगात नाही, वेग मारण्यात आहे. पूर्ण जोरात येऊन एका पावलात अर्ध्यावर येतो, बचाववाला पुढे निघून जातो. हे लाकडी कोर्टवर. धूळ बसलेल्या सिमेंटवर तोच ब्रेक मारला की बूट वीतभर घसरतो, गुडघा आत वळतो. पोरांना आधी सांगा: दर पाच मिनिटांनी तळवे ओल्या फडक्यावर घासा, आणि थांबताना पंजा सरळ रिंगकडे ठेवू नका, थोडा तिरका ठेवा. ब्रेक पूर्ण तळव्यानं लागतो, टाचेनं नाही.

शिट्टीवाला
शेचे व्हिडिओ दाखवाच, पण मग पोरं जे शिकून येतात त्यावर शिट्टी वाजली की पालकांनी मैदानात उतरायचं नाही. 'झिरो स्टेप, झिरो स्टेप' ओरडतात. कळतं कुणालाच नाही.

राजवाडा_एक्सप्रेस
आले! फिबाचा पावलांचा नियम ऑक्टोबर २०१७ पासून बदललाय, साहेब. गावोगावचे पंच अजून जुनंच मोजतात. बॉल हातात घेताना जमिनीवर असलेलं पाऊल ते 'एक' धरतात आणि सरळ लेअपला (पळत जाऊन रिंगजवळून टाकायच्या शॉटला) ट्रॅव्हल, म्हणजे जास्त पावलांची चूक, देतात. मग कोणता गार्ड शेसारखं खेळेल? शेवटच्या पावलाची लय बदलणं हीच तर त्याची सगळी करामत.

शिट्टीवाला
काही पंच तसं मोजतात, हे खरं आहे. घ्या, लिहून देतो. आता तुमच्या पोरांचं ऐका.

उजव्या हातानं लेअप. शेवटचा टप्पा, बॉल दोन्ही हातांत आला तेव्हा डावं पाऊल जमिनीवर: ते शून्य, मोजायचं नाही. उजवं: एक. डावं: दोन. उडी, आणि पाऊल परत टेकायच्या आत बॉल सुटला पाहिजे. इथपर्यंत चोख.

घोळ तीन ठिकाणी होतो. पहिला: पोरगं जागेवर उभं राहून पास झेलतं आणि एक पाऊल फुकट टाकून मग ड्रिबल सुरू करतं. उभ्यानं झेललं तर शून्य पाऊल नाहीच, पिव्होटचा (वळण्यासाठी जागेवर रोवलेला) पाय उचलायच्या आत बॉल सुटायला हवा. दुसरा: पळता पळता झेललं आणि पुढे ड्रिबल करायचा असेल, तर दुसरं पाऊल टेकायच्या आत बॉल हातातून गेला पाहिजे. दोन पावलं पूर्ण टाकून मग ड्रिबल म्हणजे ट्रॅव्हलच. तिसरा तुमच्या लाडक्या थांबण्यातला. एका पायावर पहिलं पाऊल टेकलं, त्यावरून उडी मारून दोन्ही पाय एकदम टेकले, तर तिथून पिव्होट नाही. शॉट मारा नाहीतर पास द्या. पोरं तिथे थांबून, वळून, पाय सरकवून बघत बसतात.

चोवीस_सेकंद
माझ्या धाग्याचं नियमपुस्तक झालं. हॅलिबर्टन कुठे गेला?

राजवाडा_एक्सप्रेस
त्याला कुणी शिट्टी मारत नाही, कारण तो आत जातच नाही.

शिट्टीवाले, तिसरा मुद्दा अर्धवट सांगितलात. पहिल्याच पावलाला दोन्ही पाय एकदम टेकले तर पिव्होट कोणत्याही पायावर चालतो. बॉल हवेत पकडायचा आणि दोन्ही पायांवर उतरायचं. पोरांना हेच शिकवायला हवं. पंच मात्र हाही प्रकार तिसऱ्या घोळात घालून शिट्टी मारून मोकळे.

शिट्टीवाला
बरोबर, कोणताही पाय चालतो. पण पाय खरंच एकदम टेकलेत का, हे तुम्ही गॅलरीतून ओळखता? दहातली आठ पोरं 'टप-टप' उतरतात, 'टप' नाही. पुढच्या सामन्यात डोळे मिटून नुसतं ऐका.

बॉल_नंबर_सहा
एवढी पावलं मोजलीत, एकदा बॉलही मोजा. मुलींचा बॉल सहा नंबरचा, सात नंबरपेक्षा घेरानं लहान आणि साधारण सत्तर ग्रॅमनं हलका. सराव मात्र मुलांच्याच बॉलवर, कारण 'पिशवीत तेच आहेत'. एका हातानं टप्प्यावरून सरळ पास मारणं, जे चोवीस_सेकंद यांना हॅलिबर्टनमध्ये एवढं आवडतं, मोठ्या बॉलवर मनगटातून निघतच नाही. मग मुलगी दोन्ही हात लावते, त्यासाठी ड्रिबल थांबवते, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात पासची फट बंद. वर ऐकवतात, मुलींना दृष्टी नाही. दृष्टी आहे, बॉल चुकीचा आहे.

कोपरा_तीन
ताई, मुद्दा शंभर टक्के मान्य. पण धागा कशाचा होता?

बॉल_नंबर_सहा
पॉइंट गार्डचा. त्या मुलीही असतात, काका.

चोवीस_सेकंद
मुख्य मुद्द्यावर येतो. हॅलिबर्टनची एक गोष्ट पोरांनी उचलू नये, हे आधीच कबूल करतो: उडी मारून हवेतून पास. त्याची उंची साडेसहा फुटांच्या आसपास. हवेत गेला की सेंटरला शॉट अडवायला वर यावंच लागतं, आणि कोपऱ्यातला व रिंगकडे निघालेला असे दोघं कुठे असणार हे त्याला उडीच्या आधी पाठ असतं. आपला साडेपाच फुटी गार्ड आधी उडतो आणि मग शोधतो. समोरचा हललाच नाही, तर बॉल हातात घेऊन खाली उतरायचं म्हणजे शिट्टीवाल्यांची चैन. नियम एकच ठेवा: पाय सुटायच्या आधी पासचं ठिकाण ठरलेलं असलं तरच उडी.

बाकी ते पुढे सोडणं, आणि स्क्रीनवर (साथीदारानं बचाववाल्याची वाट अडवली तिथे) दोघं अंगावर आले की तिसरा टप्पा न मारता लगेच बॉल मोकळा करणं, याला उंची लागत नाही. दोघं बॉलवर म्हणजे मागे चारांविरुद्ध तीन, तेही जेमतेम दोन सेकंद. तेवढ्यात शे स्वतः त्या दोघांना वळसा घालून जायला बघतो. त्याला जमतं. तो शे आहे.

राजवाडा_एक्सप्रेस
"त्याला जमतं, तो शे आहे" हेच मी काल म्हटलं होतं, फक्त कमी शब्दांत.

आणि फिबाच्या गर्दीत शेचं चालत नाही म्हणता, तर २०२३ च्या विश्वचषकात शेच्या कॅनडानं ब्राँझसाठी अमेरिकेला १२७-११८ ला जादा वेळेत हरवलं, ते कुठल्या नियमात? समोरच्या अमेरिकेच्या संघात हॅलिबर्टन होता.

चोवीस_सेकंद
त्या सामन्यात ३९ गुण कॅनडाच्याच डिलन ब्रूक्सचे होते. तेही शेच्या खात्यात टाकताय का?

पण ठीक. गर्दीतही त्याचं चालतं, एवढं मागे घेतो. पंधरा वर्षांच्या पोराचं चालतं हे मागे घेत नाही.

राजवाडा_एक्सप्रेस
अर्धी माघार पदरात पडली, पुरे आहे. माझ्याकडून एवढंच: रिबाउंडनंतर पुढे सोडणं शिकवा, माझी हरकत नाही. पण झोनसमोर आठवड्यातला एक दिवस फक्त फटीत घुसून दोन पायांवर थांबण्याचा. दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा, बचावाशिवाय. मग वरचे दोघं उभे करून दहा.

शिट्टीवाला
आणि ते वीसही कानानं मोजा. 'टप-टप' आलं की तो धरायचा नाही.

कोपरा_तीन
आधी फडकं ओलं करा.

बॉल_नंबर_सहा
आणि पिशवीत सहा नंबरचे निदान दोन बॉल टाका.

चोवीस_सेकंद
झिरो स्टेपसाठी कुणीतरी वेगळा धागा काढा. इथे आणखी एक पाऊल पडलं तर ट्रॅव्हल देईन.

शिट्टीवाला
कोणत्या पावलापासून मोजणार?