निशिकासाईत पहिल्यांदाच सोबा खायला जातोय, काय मागवू? (बजेट माणशी १००० येन)

नवा_निशिकासाईकर
नमस्कार मंडळी. टोकियोत नवीन आहे. घराजवळ सोबाचं (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्सचं) एक छोटं हॉटेल आहे, एक आजी-आजोबा चालवतात, बाहेर काचेत प्लॅस्टिकचे नमुने मांडलेत. आईबाबा पुण्याहून आलेत, त्यांना न्यायचंय. आई मासे खाते, बाबा अंडंसुद्धा नाही. थंड घ्यावा की गरम? रामेनचे सल्ले नकोत प्लीज.

टोकियोचा_जुना_पापी
झारू सोबा. विषय संपला. बांबूच्या चाळणीवर थंड नूडल्स येतात, बाजूला त्सुयू म्हणजे बुडवायचा सोया सॉसचा रस, वसाबी, कांद्याची पात. नूडल्सची टोकंच बुडवायची आणि सरळ भुरका मारायचा, आवाजाची लाज बाळगू नको. शेवटी सोबायू देतात म्हणजे सोबा उकडलेलं पाणी, ते उरलेल्या त्सुयूत ओतून प्यायचं. आमचा बॉस मला कान्दा याबू सोबाला घेऊन गेला होता, १८८० पासूनचं दुकान आहे, २०१३ ला आगीत गेलं तर पुढच्या वर्षी परत उभं केलं. तिथेच जा, हजाराचं काय घेऊन बसलास.

योकोहामाची_शाकाहारी
बाबांचं कुणी वाचलं का?? त्सुयूत दाशी म्हणजे जपानी स्टॉक असतो आणि दाशीत कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेला मासा. किट्सुने सोबावरचा तळलेला टोफू पण बहुतेक त्याच रसात शिजवतात. मला एका स्टेशनवरच्या दुकानात "मांस नाही" असं हसत हसत सांगितलं होतं, मासा त्यांच्या हिशेबात मांस नाहीच!

चिपळूणची_मावशी
सोबा म्हणजे कुट्टूच ना? उत्तरेत उपवासाला खातात. मग बाबांना चतुर्थीला पण चालेल की.

टोकियोचा_जुना_पापी
मावशी, निहाची प्रकारच्या सोबात २० टक्के गहू असतो. निव्वळ कुट्टूचा हवा तर जूवारी विचारा.

चिपळूणची_मावशी
आमच्याकडे उपवासाला वरी आणि राजगिराच. मी फक्त विचारलं.

नागानो_रिटर्न्ड
टोकियोतला सोबा हा सोबाच नाही. नागानोजवळच्या तोगाकुशीला जा, तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नवीन पिकाचा शिनसोबा असतो तेव्हा. शिन्कान्सेनने नागानो दीड तास, पुढे बस.

नवा_निशिकासाईकर
दादा, शिन्कान्सेनचं जाऊन-येऊन माणशी सोळा हजारांच्या वर जातं, बजेट परत वाचा.

कोबीप्रेमी
मी तर मात्सुरीत (जत्रेत) याकीसोबा, म्हणजे परतलेले नूडल्स, खाल्ला, भरपूर कोबी, जरासा गोड सॉस, एकदम मस्त. तोच घ्या.

योकोहामाची_शाकाहारी
याकीसोबाचे नूडल्स गव्हाचे असतात हो, त्यात कुट्टू नसतोच. आणि बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस घालतात.

गोळ्या_जवळ_ठेवा
महत्त्वाचं राहिलंच. कुट्टूची अ‍ॅलर्जी काहींना फार जोरात येते, इथे पाकिटांवर शेंगदाण्यासारखी सोबाची नोंदही सक्तीची आहे. आईबाबांनी कुट्टू कधीच खाल्लेला नसेल तर आधी एक-दोन घास खाऊन थांबा. सोबा टाळून उदोन (गव्हाचे जाड नूडल्स) मागवला तरी कित्येक दुकानांत सोबा त्याच पाण्यात उकडलेला असतो.

सुगरण_आणि_कंजूष
बाबांसाठी घरीच करा ना! कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि वाळलेले शिताके मशरूम रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी ते पाणी गरम करून सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू). झाला बिनमाशांचा त्सुयू. सोबाचं पाकीट घेताना घटकांच्या यादीत सोबाको (कुट्टूचं पीठ) पहिला आहे का बघा, कोमुगिको (गव्हाचं पीठ) पहिला असेल तर गहूच जास्त. उकडल्यावर गार पाण्यात हाताने चोळून धुवा, नाहीतर गोळा होतो. सगळं मिळून हॉटेलच्या निम्म्यात.

टोकियोचा_जुना_पापी
तो त्सुयू बाटलीत भरून हॉटेलात नेऊ नकोस मात्र, आजोबांना वाईट वाटेल. बाबांसाठी मीठ माग. चांगला सोबा नुसत्या मिठाशीही खातात, कुट्टूचा वास तेव्हाच कळतो. झारूच सांग.

नागानो_रिटर्न्ड
+१, गरम घेणं म्हणजे सोबाचा अपमान.

नवा_निशिकासाईकर
सगळ्यांचे आभार. बाबांना मिठाचं सांगितलं तर म्हणाले, नुसते नूडल्स मिठाशी खायला मी काय आजारी आहे का? ते घरी मुगाची खिचडी खाणार. आईचा घसा गारव्याने लगेच धरतो, त्यामुळे तिला गरम तेम्पुरा सोबा (वर पिठात बुडवून तळलेले तुकडे) आणि मी पण गरमच घेतोय, काके सोबा, वर काही नाही. नमुन्यांखालच्या पाट्या बघून आलो, दोन्ही हजाराच्या आत बसतात.

नागानो_रिटर्न्ड
मग धागा काढलास कशाला!

सुगरण_आणि_कंजूष
गरम घेताय तर समोर आल्या आल्या खा, फोटो काढत बसलात तर सोबा फुगतो. आणि खिचडीला तूप घाला बाबांच्या.