स्लॅब पावसात अडकला, गवंडी फोन उचलत नाही. आता काय करू?

परसदार७२ (९ सप्टेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून अर्ध्या तासावर, वडिलोपार्जित जागेत घर बांधतोय. मी नोकरीमुळे डोंबिवलीला. सामाईक सातबारा, चुलत्यांची संमतीपत्रं, बिनशेती या सगळ्यात दोन वर्षं गेली. त्याचं रडगाणं इथे नको.

जानेवारीत जोतं झालं. ९०० चौरस फूट, जांभ्याच्या भिंती, आरसीसीचे कॉलम. मार्चमध्ये गवंडी शिमग्याला म्हणून गेला, तो पालखी घरोघर फिरून देवळात परत गेली तरी उगवला नाही. एप्रिलमध्ये त्याची निम्मी माणसं आंब्याच्या बागेत. तरी मेच्या मध्यावर भिंती लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत) आल्या आणि ३० मेला स्लॅब टाकायचं ठरलं. सेंट्रिंगच्या (स्लॅबखाली लावायच्या फळ्या आणि टेकू) सामानासाठी म्हणून त्याने दीड लाख उचल घेतली. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. २० मेच्या सुमारास पाऊस लागला, २५ला मान्सून तळकोकणात आणि २६ला मुंबईत. स्लॅब राहिला.

परवा गणपतीला गेलो. भिंतींवर हिरवंगार शेवाळ, कॉलममधून वर आलेल्या सळया तांबड्या, हॉलच्या जागी कमरेइतका टाकळा, तोही भाजीला जून झालेला. शेडमध्ये मेमध्ये आणलेली ४० पोती सिमेंट पडून आहेत. गवंड्याला फोन केला की ‘सोमवारी माणसं लावतो’. आता तर फोनच उचलत नाही.

याच्याकडूनच काम पुरं करून घ्यावं की माणूस बदलावा? भिजलेल्या भिंती आणि गंजलेल्या सळया चालतील का? आणि डोंबिवलीत बसून लक्ष कसं ठेवायचं? अनुभव असलेल्यांनी सांगा.

सोमवारकर (९ सप्टेंबर)

कुठला सोमवार ते विचारलंत का? आमचा प्लंबर अजून २०२२च्या सोमवारी येतोय.

चिरेखाण (९ सप्टेंबर)

भिंतींची काळजी सोडा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर हवा खाऊन टणक होतो. चार महिन्यांच्या पावसाने चिऱ्याला (जांभ्याच्या दगडाला) काही होत नाही. बिघडतो तो सर्वात वरच्या थराचा सांधा, कारण त्यातला माल धुऊन जातो. वरचे चिरे हाताने हलवून बघा. जे डुगडुगतील ते काढून पुन्हा बसवा. शेवाळ काथ्याच्या ब्रशने घासून, पाणी मारून स्वच्छ करा, मगच वर बीम. शेवाळावर काँक्रीट ओतलं तर ते भिंतीला धरणार नाही.

सळईचं असं. तांबूस भुकटी तारेच्या ब्रशने निघून गेली तर घाबरण्यासारखं काही नाही. पापुद्रे सुटत असतील तर वजन करा. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते, १६ची १ किलो ५८० ग्रॅम. (व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलोत. हे पाठच करून ठेवा, सळई विकत घेतानाही उपयोगी पडतं.) सळईचं टोक जास्तीचं असेल तर एक तुकडा कापून, घासून, वाण्याच्या काट्यावर टाका. पाच टक्क्यांहून जास्त घट दिसली तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

त्या ४० पोत्यांतलं एकही स्लॅबला वापरू नका. तीन महिन्यांनंतर सिमेंटचा जोर उतरतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. बोटाने न फुटणारे खडे झाले असतील तर टाकून द्या. बाकीचं चाळून अंगणाच्या फरशीखाली जाऊ दे.

माहेर_राजापूर (१० सप्टेंबर)

दादा, आमचं अगदी असंच झालं होतं. सांगते, कारण पहिला गवंडी बदलताना मी मोठी चूक केली. रागाच्या भरात दुसरा माणूस आणून काम सुरू केलं. मग पहिला आला आणि म्हणाला, माझं लाखभर येणं बाकी आहे. नव्याचे थर जुन्यावर चढलेले, कुणाचं किती ते सांगणार कोण? गावातल्या चार जणांसमोर तंटा, आणि शेवटी साठ हजारांवर तोडलं.

तुम्ही तसं करू नका. आधी मोजमाप. आमच्याकडे मजुरी चिऱ्यामागे होती. एका थरात चिरे किती, थर किती, खिडकी-दाराचे वजा किती, हे वहीत लिहा. कॉलम आणि जोतं वेगळं. जुन्या गवंड्याला निरोप पाठवा की अमुक तारखेला मोजणार आहोत, ये. आला तर त्याची सही घ्या. नाही आला तर पोलीस पाटील किंवा सरपंचांना उभं करून पंचनाम्यासारखं लिहून ठेवा, फोटो काढा. त्यातून त्याला दिलेले पैसे वजा करा. तुम्हाला कळेल की दीड लाखातले खरे बुडाले किती. आमच्या वेळी ही वही असती तर ते साठ हजार वाचले असते.

टोकाचं_बोलतो (१० सप्टेंबर)

मुळात स्लॅब हवा कशाला? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लोक सपाट स्लॅब टाकतात, तिसऱ्या वर्षी तो गळतो, मग त्याच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घालतात. म्हणजे छप्पर दोनदा. आपल्या आज्यांना कळत होतं म्हणून उतरतं कौल होतं. अजून वेळ गेलेली नाही, लिंटेलवर बीम फिरवा आणि कौलं घाला.

परसदार७२ (१० सप्टेंबर)

@टोकाचं_बोलतो, पटतंय, पण कौलांवर उड्या मारणारी माकडं आमच्याकडे कमी नाहीत. दरवर्षी मेमध्ये कौलं चाळायला माणूस कुठून आणू? शिवाय धाकट्या भावाला वर दोन खोल्या काढायच्या आहेत. स्लॅबच करणार, पत्रा मग बघू.

@माहेर_राजापूर, ताई, दसऱ्याच्या सुट्टीत जाऊन हेच करतो.

साइटवरचा (११ सप्टेंबर)

मी पनवेलला साइट इंजिनिअर आहे. तुमचा खरा घोटाळा पाऊस नाही, उचल हा आहे. सेंट्रिंग लागलेलं नसताना सेंट्रिंगचे पैसे दिलेत. नव्या माणसाशी बोलताना टप्पे असे पाडा: सेंट्रिंग उभं राहिलं की इतके, सळई बांधून इंजिनिअरने पाहिली की इतके, स्लॅब पडला की इतके, आणि दहा टक्के हातात ठेवा ते टेकू निघेपर्यंत. सिमेंट-सळई तुम्ही घ्या, त्याला फक्त मजुरी द्या.

स्ट्रक्चरल इंजिनिअर तालुक्याला नाही मिळाला तर रत्नागिरी किंवा चिपळूणहून आणा. दोन फेऱ्यांचे पैसे मागेल, ते द्या. एक फेरी आत्ता कॉलम बघायला, दुसरी स्लॅबच्या आदल्या दिवशी.

९०० फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे ३७५ घनफूट काँक्रीट. एम-२०ला (स्लॅबच्या काँक्रीटचा नेहमीचा दर्जा) नुसत्या स्लॅबची ८५ पोती धरा, बीमची वेगळी. कमी पोत्यांत बसवतो म्हणणाऱ्यापासून सावध. पोत्यामागे पाणी २५ ते २७ लिटर. मिक्सरवाला हात सैल सोडतो, माल पातळ झाला की ओतायला सोपा जातो ना. तिथे घरचा एक माणूस बादली मोजत उभा पाहिजे. काँक्रीट हलवून घट्ट बसवायचे व्हायब्रेटर दोन मागवा, एक बंद पडतोच.

लांबून लक्ष ठेवायचं तर फोटो मागवा, पण फोटोत टेप दिसलीच पाहिजे. सळयांमधलं अंतर सहा इंच म्हणतो, तर टेप लावून फोटो. सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई फळीपासून वर ठेवणारे ठोकळे) आहेत का, त्याचा जमिनीला डोळा लावून फोटो. नुसतं ‘काम झालं काका’ यावर पैसे पाठवायचे नाहीत.

परसदार७२ (५ ऑक्टोबर)

खबर: मोजमाप झालं. गवंडी चक्क आला! थर मोजताना माझ्या चुलत्यांशी त्याची दोन चिऱ्यांवरून हुज्जत झाली, पण सही केली. हिशोबाने त्याच्याकडे ६२ हजार निघतात. म्हणाला, शिमग्यापर्यंत फेडतो. (कुठला शिमगा, ते विचारलं नाही.) मी तर पूर्ण दीड लाखावर पाणी सोडलं होतं.

सळई घासल्यावर चकचकीत निघाली, वजन ८७० ग्रॅम. इंजिनिअरांनी कॉलम पास केले, पण एकाच्या डोक्यावर माल पोकळ लागला, तिथलं फुटभर फोडायला लावलं. वरचे अकरा चिरे हलत होते. सिमेंटची १४ पोती दगड झाली आहेत, पुतण्याने त्यांची गोठ्यापुढे पायरी केली.

नवा गवंडी लांज्याचा. दिवाळीनंतर सेंट्रिंग.

परसदार७२ (३१ ऑक्टोबर)

दिवाळी झाली तरी पाऊस हटत नाही. शेजाऱ्यांचं कापलेलं भात शेतात भिजलं, त्यांच्यापुढे स्लॅबचं दुःख सांगायची लाज वाटते. सेंट्रिंगच्या फळ्या येऊन पडल्या आहेत.

साइटवरचा (३१ ऑक्टोबर)

थांबा. फळ्या झाकून ठेवा. घाई केलीत तर पुन्हा मे होईल.

परसदार७२ (१ डिसेंबर)

काल, रविवारी स्लॅब पडला. सकाळी सातला नारळ फोडला, संध्याकाळी सहाला शेवटचं घमेलं. एकूण ११० पोती लागली. मी मिक्सरपाशी बादली घेऊन उभा होतो, दुपारपर्यंत मिक्सरवाल्याने मला ‘मास्तर’ नाव ठेवलं. दोनपैकी एक व्हायब्रेटर अकरा वाजता बंद पडला, @साइटवरचा यांना दंडवत. आईने चाळीस माणसांना वडे आणि मटण केलं, त्या खर्चाचा टप्पा कुणी सांगितला नव्हता.

आज स्लॅबवर मातीची आळी करून पाणी सोडलंय. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) आहे, किती दिवस भरून ठेवू?

साइटवरचा (१ डिसेंबर)

दहा दिवस कमीत कमी, चौदा ठेवलेत तर उत्तम. सकाळ-संध्याकाळ आळी भरलेली दिसली पाहिजेत. टेकूंना तीन आठवडे हात लावू देऊ नका. फळ्या भाड्याच्या आहेत म्हणून गवंडी दहाव्या दिवशी काढायला येईल, त्याला चहा पाजून परत पाठवा.

परसदार७२ (१४ डिसेंबर)

तो बाराव्या दिवशी आला. चहा पाजला.

आता दारं-खिडक्या. घरचा फणस पाडलाय, त्याच्याच चौकटी करायच्या आहेत. देवरुख-साखरपा भागात चांगला सुतार कुणाला माहीत आहे का?

चिरेखाण (१४ डिसेंबर)

सुतार सांगतो. पण फणस पाडून किती महिने झाले आणि फळ्या कापून सावलीत रचल्यात का, ते आधी सांगा.